हराळी तुडवायचे पैसे

थायलंडला जाऊन गोल्फ खेळून आलो हे घरी सांगितलं तेव्हा बाबा अंगणात बाजेवर बसून टिकासाचा दांडा ठोकून राहिले होते. मोबाईल त्यांनी हातात घेतला, डोळ्यापासून लांब धरला आणि एक फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. मला वाटलं माझा चेहरा पाहतायत, पण ते माझ्या पायाखालचं पाहत होते.

"हे त हराळी हाये ना रे."

म्हटलं हो, हराळीच.

"आन् पैसे किती लागले?"

खोटं सांगणार होतो पण बाबांपुढे आकडा लपत नाही, आयुष्यभर अडत्याशी हिशेब केलेला माणूस. फी, कॅडी म्हणजे बॅग सांभाळणारा सोबती, त्याची टीप, सगळं धरून साडेसात हजार, एका दिवसाचे. बाबांनी टिकास खाली ठेवलं. २०२४-२५ च्या त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ७,५२१ रुपये. "म्हंजे क्विंटलभर कापूस देऊन तू हराळी तुडवाले गेला व्हता?"

मी हसून चहा मागवला आणि विषय टाळला. पण ते वाक्य काही डोक्यातून जाऊन नाही राहिलं, दोन महिने झाले.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात. खारपाणपट्टा म्हणतात तो. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेली काळी चिकट जमीन आणि खाली खारं पाणी. विहीर खोदली तर पाणी लागतं, नाही असं नाही, पण तोंडात घेतलं की थुंकावं लागतं आणि पिकाला दिलं की जमिनीत सोडियम बसतो, माती पावसात लोण्यासारखी होते आणि वाळली की वीट. म्हणजे पाण्यावर बसलोय आणि कोरडवाहू आहोत. मृगापासून परतीच्या पावसापर्यंत जे होईल ते, कापूस, तूर, मूग, आणि मग उरलेल्या ओलीवर हरभरा. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो म्हणतो, मग मीठच काढा ना. असो.

या जमिनीत बाकी काही रुसेल, हराळी रुसत नाही. तिला खारं चालतं, ऊन चालतं, तुडवलेलं चालतं. बाबांनी आयुष्यात जितके तास टिकास घेऊन हराळीमागे घालवले तितके आमच्यासोबत घालवले नसतील, हे मी तक्रार म्हणून नाही सांगत, तेव्हा सगळ्यांचेच बाप असे होते. उन्हाळ्यात वावर खोल नांगरून टाकायचं, ढेकळं उलटी पडली की मुळ्या उन्हात तापायच्या, मग वखराने त्या ओढून काढायच्या, वेचायच्या, धुऱ्यावर ढीग करून जाळायच्या. आम्हा भावंडांच्या सुट्ट्या त्या वेचण्यात गेल्या. आणि पहिला पाऊस पडला की त्याच जळालेल्या ढिगाच्या कडेने हिरवी टोकं वर. एक पेर जरी मातीत राहिलं तरी तिथून नवीन संसार. आई मात्र गणपतीत त्याच धुऱ्यावर जाऊन एकवीस-एकवीसच्या जुड्या खुडून आणायची आणि तेव्हा तिचं नाव दूर्वा. वर्षातले दहा दिवस देवाच्या डोक्यावर आणि बाकीचे दिवस टिकासाखाली, असं दुसऱ्या कुठल्या गवताचं नशीब असेल असं वाटत नाही.

गोल्फ माझ्याकडे पाइपलाइनमधून आला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बीएस्सी ॲग्री केलं आणि पुण्याला एका इरिगेशन कंपनीत लागलो, काम ठिबक-तुषारचं. तिथं एका गोल्फ कोर्सच्या साईटवर दोन वर्षं होतो. गोल्फमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं, मला फक्त एवढं कळायचं की या ढिगाऱ्याला एवढं पाणी आणि त्या उताराला तेवढं. हिरवळीचा जो शेवटचा गोल तुकडा असतो, ज्यात भोक असतं, त्याला ग्रीन म्हणतात. तो आम्ही बनवताना पाहिला तर मी हबकलोच. वर फूटभर वाळूचं मिश्रण, त्याखाली चार इंच बारीक गिट्टी, त्याखाली पाइप. वरून पाणी टाकलं की खालून निघून गेलं पाहिजे. मी ज्या गावचा, तिथं जून ते सप्टेंबर चप्पल चिखलात सोडून अनवाणी घरी यावं लागतं. पाणी काढून टाकण्यासाठी एवढा खर्च करणारी माणसं मी पहिल्यांदा पाहत होतो.

सोमवारी तिथं मेंटेनन्सची सुट्टी असायची आणि त्या दिवशी कॅडी पोरांना खेळू द्यायचे. आजूबाजूच्या गावांतली पोरं, बहुतेकांच्या बापाच्या जमिनी तिकडेच कुठंतरी गेलेल्या. साहेबांनी टाकून दिलेल्या क्लब, म्हणजे खेळायच्या काठ्या, पाण्यातून काढलेले बॉल. त्यांनी मला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, एक वाक्य दिलं, "दादा, मुंडी खाली." मुंडी वर आली की बॉल गेला. बॉल कुठं जातो ते पाहायची घाई झाली की तो कुठंच जात नाही. या एका वाक्यावर मी अकरा वर्षं खेळतोय आणि अजून मुंडी वर येते.

मग बाबांची तब्येत, मग धाकट्याची नोकरी, अशा कारणांनी मी परत आलो. तालुक्याला ठिबक-तुषारचं दुकान टाकलं. खारपाणाबाहेरच्या गावांना आणि पोकरा या सरकारी योजनेत शेततळं झालेल्यांना तुषार संच विकतो, चाललंय बरं. गोल्फची बॅग कपाटावर. दर्यापूर तालुक्यात गोल्फ कोर्स नाही हे वेगळं सांगायला नको. नागपूर दोनशे किलोमीटर, आणि तिथलं मला जे माहीत आहे ते फौजेच्या आवारात. म्हणून मी उन्हाळ्यात, हरभरा निघाल्यावर, संध्याकाळी स्वतःच्या वावरात सात नंबरची आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याची क्लब, घेऊन जातो. शेजारचे मोठे काका धुऱ्यावरून विचारतात, "काय रे, साप हाये काय?"

आमच्या वावरात गोल्फ खेळायची एक अडचण अशी की काळी जमीन उन्हाळ्यात फाटते. भेगा अशा की गुडघाभर काठी आत जावी. गोल्फचा बॉल साधारण ४३ मिलिमीटरचा, नियमाने ४२.६७ पेक्षा लहान नको. भेग त्याहून रुंद. बॉल छान उडतो, पडतो, एक टप्पा खातो आणि गायब. गोल्फच्या नियमात दुरुस्तीला काढलेल्या जागेतून दंड न घेता बॉल उचलून बाजूला टाकता येतो. तो नियम लावला तर आमचं पूर्ण वावर दुरुस्तीला काढलेलं आहे, बाजूला टाकायचा तर अंजनगावात.

तर थायलंड. पंप-पाइपवाल्या कंपन्या डीलरांना टार्गेट झालं की फिरायला नेतात हे सगळ्यांना माहीत आहे. दरवर्षी पटाया असतं. मार्च २०२५ मध्ये मात्र कोणाच्या डोक्यातून निघालं माहीत नाही पण हुआ हिन ठरलं, बँकॉकच्या खाली समुद्रकाठचं शांत गाव. शांत म्हटल्यावर आमच्या ग्रुपमधले अर्धे भाऊ विमानातच नाराज झाले. रिसॉर्टला पोचलो, लॉबीत गणपतीची मूर्ती, थायलंडमध्ये त्याला बऱ्यापैकी मान आहे, आणि मूर्तीच्या मागच्या काचेतून मला दिसलं की रिसॉर्टला स्वतःचे दोन गोल्फ कोर्स आहेत. एक जुना, एक नवीन. बाकीचे बीचवर, मसाजला, मार्केटला गेले आणि मी दोन दिवस गायब होतो. माझ्याबद्दल काय काय अफवा उठल्या ते जाऊ द्या.

पहिला दिवस जुना कोर्स. भाड्याची बॅग, भाड्याचे बूट. तिकडे प्रत्येक खेळणाऱ्याला एक कॅडी घ्यावीच लागते आणि कॅडी सगळ्या बायका. पूर्ण बाह्या, तोंडाला कापड गुंडाळलेलं, वर टोपी, नुसते डोळे दिसतात, अगदी आपल्याकडे कापूस वेचायला निघालेल्या बायांसारख्या. जाकिटावर नंबर. माझी सत्तेचाळीस नंबर, मी दोन दिवस तिला तेवढंच म्हटलं आणि तिला ते चाललं. सोबत दोन कोरियन म्हातारे, थंडी टाळायला दरवर्षी येतात म्हणे. त्यांना माझी भाषा नाही, मला त्यांची नाही, पण गोल्फमध्ये एकच शब्द लागतो, चुकला की सगळे "ओह" म्हणतात.

पहिल्या टीवर, म्हणजे जिथून पहिला फटका मारायचा तिथं, उभं राहणं म्हणजे वरातीत घोड्यावर बसल्यासारखं असतं, सगळे आपल्याकडेच पाहतात आणि खालचं आपल्या हातात काही नसतं. ज्याने ढेकळांवर सराव केला त्याच्यासमोर एकदम एवढी सपाट हिरवी जमीन आली की तो मुंडी वर करणारच. बॉल वीस यार्ड गेला, घरंगळत. म्हातारे म्हणाले ओह. सत्तेचाळीस नंबर काही बोलली नाही, तिने दुसरी क्लब पुढे केली. चांगल्या कॅडीचं हेच असतं.

त्या दिवशीचा स्कोअर ११६. पार ७२ आहे, म्हणजे ज्याला येतं त्याने बहात्तर फटक्यांत अठरा भोकं संपवायची, मी चव्वेचाळीस जास्त मारले. पैशाच्या हिशेबाने पाहिलं तर मला प्रत्येक फटका स्वस्त पडला, असं मी नंतर डीलर भावांना सांगितलं.

पण खरं सांगू का, माझं लक्षच बॉलवर नव्हतं. दर काही पावलांवर जमिनीत एक गोल झाकण, त्यावर आकडा कोरलेला, इथून ग्रीन किती यार्ड. बाकीचे लोक तो आकडा वाचतात आणि क्लब निवडतात. मी मात्र खाली बसून झाकण पाहत होतो, कारण ते स्प्रिंकलर आहे. वॉल्व आतच बसवलेला, रात्री कॉम्प्युटरने हुकूम दिला की डोकं वर काढतं, वीस-वीस मीटर पाणी फेकतं आणि परत जमिनीत जाऊन झोपतं. आमच्याकडे रात्री दीड वाजता थ्री-फेज येते, मग कास्तकार टॉर्च घेऊन जातो, तीन इंची पाइप खांद्यावर घेऊन ओळ बदलतो, पायाखाली काय आहे ते देवाला माहीत, आणि मग ते टिक-टिक-टिक सुरू होतं. तिकडेही पाणी रात्रीच देतात. का, तर रात्री बाष्पीभवन कमी आणि दिवसा गिऱ्हाईक खेळत असतं.

सवयीने मी हिशेब केला. समजा पाणी द्यायची हिरवळ २५ हेक्टर. त्या उन्हात रोज ५ मिलिमीटर तरी पाहिजे. एका हेक्टरला ५ मिलिमीटर म्हणजे ५० हजार लिटर. झाले साडेबारा लाख लिटर, रोजचे. दहा हजारी टँकर धरला तर सव्वाशे टँकर. मी नवव्या भोकाला उभा राहून हे मोबाईलवर करत होतो आणि मागची मंडळी खोळंबली होती. सत्तेचाळीस नंबरने हळूच सांगितलं, सर, प्लीज, हिट. तिला वाटलं मी घरी फोन करून राहिलो.

ग्रीनवर मात्र बाईने मला हाताला धरून नेल्यासारखं खेळवलं. हराळीला अंग असतं. ती एका बाजूला निजते, आणि तीन-चार मिलिमीटरवर कापलेली असली तरी निजते. निजलेल्या दिशेने बॉल मारला तर तो पळत सुटतो, उलट मारला तर अर्ध्यात थकतो, आडवा मारला तर वाकतो. मला सरळ दिसणारी जागा ती वाकून पाहायची आणि तळहात तिरका करून म्हणायची, "ग्रास स्लीप." आणि बोटाने दाखवायची, भोकाच्या दोन भोकं उजवीकडे मार. भोक १०८ मिलिमीटरचं, म्हणजे दोन भोकं झाली वीतभर. मी मनातून म्हणायचो, शक्यच नाही, जमीन तर इकडे उतरतेय. आणि बॉल बरोबर ती म्हणेल तसा वळायचा. जन्मभर हराळी उपटणाऱ्या घरातला मी, आणि ती कोणत्या कुशीवर निजते हे मला एक परक्या देशाची बाई सांगून राहिली होती. वाऱ्याने लोळलेला गहू कुठल्या अंगाने कापायचा ते आम्हाला कळतं. पण हराळी इतक्या प्रेमाने पाहिलीच कोणी होती आमच्याकडे.

बाराव्या भोकाला बॉल पांढऱ्या खुंट्यांच्या पलीकडे गेला, अननसाच्या वावरात. खुंट्यांपलीकडे गेलेला बॉल गेला, एक फटका दंड आणि जिथून मारला तिथून परत. त्या भागात अननसाची शेती बम्म आहे, रिसॉर्टच्या कुंपणापर्यंत ओळी. पाण्याच्या थांब्यावर बसलो तेव्हा तिने कापड खाली केलं, पन्नाशीची असावी, आणि मोबाईलमधल्या भाषांतरावर आमचं बोलणं झालं. तिच्या माहेरी अननसच. माल कारखान्याला जातो, भाव कारखाना सांगतो. मी लिहिलं की आमच्याकडे कापूस जिनिंगला जातो. ते वाचून ती हसली, मोबाईलने नीट भाषांतर केलं असावं. मग मी हराळीचं एक पातं उपटलं, ग्रीनवरचं नाही, बाजूचं, आणि लिहिलं की हे आमच्या वावरातलं सगळ्यात वाईट तण आहे, माझे वडील पन्नास वर्षं याच्याशी भांडतायत. तिने वाचलं, मान हलवली, म्हणजे त्यांच्याही शेतात ते तणच असणार. पण मग तिने बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि मोबाईल माझ्याकडे फिरवला.

त्यात होतं की या गवताला आमच्याकडे ‘या फ्रेक’ म्हणतात आणि शाळेत गुरुपूजेच्या दिवशी पोरं हे गुरुजींना वाहतात. मी नंतर रूमवर जाऊन वाचलं, खरंच आहे. वाई ख्रू नावाचा दिवस असतो, शाळा सुरू झाल्या झाल्या, साधारण जूनमध्ये आणि शक्यतो गुरुवारीच. पोरं ताटात तीन-चार गोष्टी नेतात, त्यात एक ही हराळी आणि एक वांग्याचं फूल. वांग्याचं फूल खाली वाकलेलं असतं म्हणून ते नम्रतेचं. आणि हराळी कशासाठी, तर ती तुडवली तरी मरत नाही आणि चहूकडे पसरते, तसं पोराचं ज्ञान पसरावं.

आईची एकवीस पात्यांची जुडी आठवली. आणि हेही आठवलं की शाळेत आम्हाला मास्तर मैदानातली हराळी उपटायला लावायचे, शिक्षा म्हणून.

रात्री झोप येईना. बाजूच्या बेडवर मूर्तिजापूरचे भाऊ घोरत होते. कोर्सच्या बोर्डावर गवताचं नाव वाचलं होतं, टिफ-अमुक, आणि ते टिफ कुठंतरी खटकून राहिलं होतं. दीडच्या सुमाराला लागलं. तिसऱ्या वर्षाला प्लँट ब्रीडिंगच्या पेपरात हमखास येणारा प्रश्न, भारतातली पहिली संकरित बाजरी. एचबी-१, लुधियाना, १९६५. तिची मादी ओळ टिफ्ट २३ ए, अमेरिकेतून आलेली. आम्ही पाठ केलं होतं, टिफ्ट म्हणजे काय हे कोणी विचारलं नव्हतं. टिफ्ट म्हणजे टिफ्टन, जॉर्जिया राज्यातलं कापसाच्या मुलखातलं गाव, आणि तिथल्या संशोधन केंद्रावर ग्लेन बर्टन नावाचा माणूस. बाजरीची ती ओळही त्याचीच आणि गोल्फवाल्यांची संकरित हराळी, टिफवे, टिफड्वार्फ वगैरे, तीही त्याचीच. टिफड्वार्फही १९६५ चीच. म्हणजे एकाच माणसाच्या वावरातून एक पुडी आपल्या कोरडवाहू कास्तकाराच्या भाकरीत आली आणि दुसरी साहेबांच्या पायाखाली गेली. कापसाच्या मुलखात बसून हराळीचं वाण सुधारणाऱ्याला तिथले शेतकरी काय म्हणाले असतील, मी बाबांचा चेहरा डोळ्यासमोर आणला आणि एकटाच हसलो. मूर्तिजापूरचे भाऊ म्हणाले, झोप ना बावा.

दुसऱ्या दिवशी नवीन कोर्स. कॅडी तीच मागून घेतली. पहिल्याच फेअरवेवर, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतच्या हिरवळीच्या पट्ट्यावर, पाय ठेवला आणि कळलं की हे वेगळं आहे. पातं रुंद, रंग गडद, वरून मेण लावल्यासारखी चकाकी. बॉल खाली रुतत नाही, वर बसतो, जसा कोणी हातावर धरून द्यावा. माझ्यासारख्याला देवच भेटला. ते पास्पेलम. समुद्रकाठचं गवत, आणि त्याची खासियत ही की त्याला खारं पाणी चालतं. चालतं म्हणजे नुसतं सहन होतं एवढंच नाही, बाकी तण मीठ लागून मरतं आणि हे टिकून राहतं. फक्त मधून मधून भरपूर पाणी सोडून मीठ खाली धुवून काढावं लागतं आणि खालचा निचरा पक्का पाहिजे. तिथं वाळू आहे, निचरा आहे. आमच्याकडे मीठ आहे आणि निचरा नाही, अर्धीच रेसिपी.

हे पास्पेलम कोणाचं नातेवाईक आहे सांगू, कोदोचं. मेळघाटात, गडचिरोलीकडे जो कोदो पिकतो, गरिबाचं धान्य म्हणून ज्याला इतकी वर्षं कोणी विचारलं नाही आणि आता मिलेट म्हणून पाव किलोच्या पाकिटात मिळतो, तोही पास्पेलमच, एकाच कुळातले भाऊ. एक आमच्या डोंगरात, एक इकडे गोल्फवर नोकरीला.

खेळ बरा झाला. चौदावं भोक पार तीन, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचं, मधात तळं. तळ्याच्या काठावर एक घोरपड पसरलेली, आपल्या घोरपडीच्या दुप्पट-तिप्पट, शेपटी पाण्यात, कोणाचीच तमा नाही. सत्तेचाळीस नंबर म्हणाली, नो प्रॉब्लेम, शी मेंबर. मी सात नंबर काढली. का कोण जाणे, त्या वेळेला मला पुण्याचं पोरगं आठवलं, मुंडी खाली, आणि मी खरंच खाली ठेवली, बॉल गेल्यावरही खालीच ठेवली, तिचा "गुड" ऐकू आला तेव्हा वर पाहिलं. पाणी पार करून ग्रीनच्या काठाला. तिथून एक चिप, म्हणजे जवळचा छोटा उचलता फटका, पास्पेलमवर बॉल चिकटल्यासारखा थांबतो, चार फुटांवर थांबला. चार फूट. गवत या कोर्सवर फारसं निजत नाही, ती म्हणाली सरळ, मी सरळ मारला. पार. अठरा भोकांत एवढा एकच. कोरियन म्हातारे त्या दिवशी नव्हते याचं वाईट वाटलं. स्कोअर १०७.

सतराव्याला बॉल झुडपात गेला तर ती घड्याळ पाहून शोधायला लागली. तीनच मिनिटं शोधायचं, पूर्वी पाच होती, २०१९ पासून तीन केली. तीन मिनिटं झाली की तिने हात झटकले, फिनिश. मला अजून शोधायचा होता, बॉल एकशेवीस बाटचा होता. पण नियम म्हणजे नियम.

निघायच्या दिवशी हुआ हिनचं जुनं लाकडी स्टेशन पाहायला नेलं, फार देखणं आहे, आणि त्याच्याच पाठीमागे आणखी एक गोल्फ कोर्स, थायलंडमधल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक, १९२४ चा, रेल्वेतल्या एका स्कॉटिश इंजिनियरने आखलेला. सगळे सेल्फी काढत होते आणि मी मूर्तिजापूरच्या भाऊंना म्हटलं, पहा, यांच्याकडे गोऱ्याने रेल्वे टाकली आणि बाजूला गोल्फ दिला, आपल्याकडे कापूस न्यायला शकुंतला नावाची छोटी रेल्वे टाकली, आणि तीही बंद पडली. भाऊ म्हणाले, "बरं झालं गोल्फ नाही देल्ला, वावरं गेले असते." यावर मी काय बोलणार, पुण्याची पोरं आठवली.

तसा हा खेळ जन्मला तोही खाऱ्याच जमिनीत. स्कॉटलंडच्या समुद्रकाठी वाळूच्या टेकड्या, वरून खारा वारा, पीक येत नाही म्हणून मेंढरं चारायला सोडलेली. शेतीला निकामी म्हणून खेळाला मोकळी. आमची जमीनही निकामी म्हणतात कागदावर, पण कास्तकाराने ती सोडली नाही म्हणून तिथं खेळ सुचला नाही.

बाबांना हे सगळं मी नंतर थोडं थोडं सांगितलं, जेवताना, एकदम सांगितलं तर ते उठून जातात. बर्टनचं ऐकून म्हणाले, मानूस येडा असन. गुरुजींना हराळी वाहतात हे त्यांना पटलं, म्हणाले बराबर हाये, गुरुजी बी निंघत नाई डोक्यातून. पास्पेलमचं मात्र नीट ऐकलं, दोनदा विचारलं. खाऱ्या पाण्यावर? विहिरीच्या पाण्यावर? मग थांबून, "म्हशी खातात काय थे?"

हे मी सत्तेचाळीस नंबरला विचारलंच नव्हतं. साडेबारा लाख लिटरचा हिशेब केला, बर्टन शोधला, आणि हा साधा प्रश्न डोक्यात आला नाही. नंतर पाहिलं, जनावरं खातात म्हणे. पण आपल्या मातीत निचऱ्याशिवाय जगेल का, ते लावून पाहावं लागेल.

परवा संध्याकाळी हरभऱ्याच्या रिकाम्या वावरात गेलो, सात नंबर घेऊन. बाबाही आले मागे, हातात काठी, काही न बोलता धुऱ्यावर बसले. मी चार बॉल मारले. पाचवा जरा चांगला बसला, उंच गेला, पडला, एक टप्पा आणि भेगेत. बाबा उठून तिकडे गेले, वाकले, काठी आत घातली, इकडे-तिकडे फिरवली. मी म्हटलं, राहू द्या बाबा, तीन मिनिटं झाली. त्यांना काय त्याचं, ते मातीत बसून कोपरापर्यंत हात घालून राहिले होते.

बॉल नाही निघाला. फूटभर लांब, पांढरी, पेरापेराची मुळी निघाली. बाबांनी ती उजेडात धरून पाहिली, वावराच्या एकदम मधात निघाली म्हणून तोंड वाकडं केलं, माती झटकली आणि माझ्या हातात दिली.

"घे. तुया गोल्फवाल्याईले पाठोव," म्हणाले. "सांग, फुकट हाये."